वसीयत, रिवाज आणि बहिणीचा हिस्सा

(सोलापुरातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बहिणींनो आणि भावांनो, सोलापुरात माग चालवणाऱ्याच्या मागेही काहीतरी राहतं. दोन खोल्या, चार माग, गावाकडची थोडी कोरडवाहू जमीन. भांडणाला तेवढं पुरतं. मी वकिली करते. अशा भांडणात माझ्यासमोर येणारा कागद बहुतेक वेळा सारखाच असतो. वडिलांची वसीयत; घर मुलांच्या नावे; आणि मुलींसाठी एक ओळ, ‘त्यांना लग्नात दिलं आहे.’ मुली विचारतात, अब्बांनीच लिहून ठेवलंय, आता काय करणार?

करता येतं. आपल्याकडच्या बहुतेक घरांना सुन्नी हनफी कायदा लागतो. त्यात वसीयतीवर दोन बंधनं आहेत. दफनाचा खर्च आणि कर्ज वजा जाता जे उरतं, त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त वसीयतीने देता येत नाही. आणि जो आधीच वारस आहे, त्याला वसीयतीने द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते, तीही मृत्यूनंतरची. शिया कायद्यात नियम वेगळा आहे, तो त्या घरांनी वेगळा विचारून घ्यावा.

हिशोब करून पाहू. वडील गेले. मागे आई, दोन मुलगे, तीन मुली आणि २४ लाखांचं घर. आईचा आठवा हिस्सा, म्हणजे ३ लाख. उरलेल्या २१ लाखांचे सात भाग. मुलग्यांना दोन-दोन, म्हणजे ६-६ लाख. मुलींना एक-एक, म्हणजे ३-३ लाख. मुलग्यांना सगळं देणारी वसीयत आई आणि बहिणींनी मान्य केली नाही, तर वाटणी अशीच होते. लग्नातला खर्च त्यातून वजा होत नाही. जहेज म्हणजे मीरास नव्हे.

वडील हयात असताना मुलींकडून हक्कसोड लिहून घेण्याचीही पद्धत आहे. जो हक्क अजून मिळालेलाच नाही, तो सोडता येत नाही. पण त्या बदल्यात पैसे घेतले असतील, तर कोर्ट तेही पाहतं. म्हणून सही करण्याआधी कागद वाचा.

वसीयत टिकत नाही हे कळलं की लोक हिबाकडे वळतात. देणाऱ्याने जाहीर करायचं, घेणाऱ्याने स्वीकारायचं आणि ताबा द्यायचा, या तीन गोष्टी झाल्या तर तो पूर्ण होतो. मरणाच्या आजारात केलेल्या हिबाला वसीयतीचीच बंधनं लागतात. धडधाकट असताना केलेला हिबा मात्र कायद्यात टिकतो. तिथे प्रश्न न्यायाचा उरतो. एका मुलाला देणगी देऊन साक्षीला बोलावणाऱ्या बापाला पैगंबरांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? उत्तर ‘नाही’ आलं, तेव्हा त्यांनी साक्षीदार व्हायला नकार दिला. नुमान बिन बशीर यांची ही हदीस आपल्या मशिदींत किती वेळा सांगितली जाते?

हे आजचं नाही. १८४७ साली मुंबईत खोजा घरातल्या मुलींनी कुरआनप्रमाणे वडिलांच्या मिळकतीत हिस्सा मागितला. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी जमातीचा रिवाज मान्य केला आणि मुली हरल्या. रिवाजाच्या जागी शरियत आणणारा कायदा यायला १९३७ उजाडलं. त्यातूनही शेतजमीन वगळली गेली. रिवाजाला तेवढी फट राहिली.

मग मला सांगा, शरियतला हात लावू नका म्हणून आपण मोर्चे काढतो, आणि तलाठ्यासमोर वारस नोंदीला बहिणींची नावं गाळतो. तिथे शरियत कुठे जाते?

मुलीला अर्धाच हिस्सा का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. केरळमधले वकील सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांना तीन मुलीच. वडिलांच्या मिळकतीत मुलींना मिळून दोन तृतीयांश येतात, उरलेल्यातून भावांकडेही हिस्सा जातो. म्हणून ८ मार्च २०२३ रोजी त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केलं, म्हणजे भारतीय वारसा कायदा लागू होईल. ज्यांना मुलगा-मुलगी समान वाटतात, त्यांना ही वाट आहे, आणि हयातीत सारखा हिबा करण्याचीही आहे. समान हिस्सा जरूर मागू. पण आज लिहिलेला अर्धाही जो भाऊ देत नाही, त्याला धर्माचं नाव घेण्याचा अधिकार नाही.

आता कामाचं बोलते. वडील गेल्यावर सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड लगेच काढा. फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद भावांच्या नावे झाली तरी घाबरू नका. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा करता येतो. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

बहिणींना वाटतं, हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. ही भीती खरी आहे. पण ती घालवण्याचं काम भावांचं आहे. इथे बसलेल्या भावांनी घरी जाऊन बहिणीचं नाव स्वतः लावलं, तर तिला माझ्याकडे यावंच लागणार नाही.