नाण्यानं माती खाल्ली, की टांकसाळीनं?

आजचा भाग खरं तर फार आधी व्हायला हवा होता. पण त्यात माझीच एक फजिती आहे, म्हणून मी तो पुढे ढकलत राहिलो. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या श्रोत्यांचे फोटो येतच असतात. 'दादा, हे नाणं वेगळं दिसतंय, टांकसाळीची चूक असेल का?' म्हणून आज सगळं सांगूनच टाकतो.

मी न्यू जर्सीत राहतो. घराजवळ एक जुनं मैदान आहे, तिथे रीतसर परवानगी काढून मी शनिवारी सकाळी मशीन फिरवतो. एका शनिवारी चार इंच खोलीवर एक क्वार्टर मिळालं, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं. एक बाजू राखाडी आणि दुसरी चक्क तांब्यासारखी लाल. माझ्या छातीत धडधडायला लागलं.

का, ते सांगतो. १९६५ पासूनचं चलनातलं क्वार्टर सँडविचसारखं असतं. मध्ये शुद्ध तांबं, दोन्ही बाजूंना तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा पांढरा थर. कधी कधी टांकसाळीतच एका बाजूचा थर निघून जातो आणि नाणं तसंच छापलं जातं. अशा नाण्याची एक बाजू लाल दिसते आणि संग्राहक त्याला चांगले पैसे देतात.

मी घरी येऊन ते किचनमधल्या काट्यावर ठेवलं. तो काटा पूर्ण ग्रॅममध्येच वजन दाखवतो. कधी ५ दाखवायचा, कधी ६. मला ५ हवे होते, मी ५ धरले.

आमच्या मंडळातल्या एका काकांना हे कळलं. त्यांचा नातू पुण्यात सातवीत आहे, नाणी जमवतो. काका म्हणाले, "मला दे, त्याच्या वाढदिवसाला पाठवतो." साठ डॉलर ठरले. मी घेतले. नाणं पुण्याला गेलं, पोरानं वर्गात सगळ्यांना दाखवलं.

काही महिन्यांनी मी शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणला. सहज म्हणून डब्यातली जमिनीतून काढलेली इतर लाल क्वार्टर्स तोलली. ५.६१. ५.६४. ५.५९. नव्या क्वार्टरचं वजन ५.६७ ग्रॅम. एक थर नसेल तर साधारण सहावा हिस्सा कमी व्हायला हवा, म्हणजे ४.७ च्या आसपास. एकही तसं नव्हतं. आणि त्याच डब्यात पाच सेंटची नाणीही तितकीच लाल होती. आता बघा, पाच सेंटच्या नाण्यात थर नसतातच! ते आरपार एकाच मिश्रधातूचं असतं, पंचाहत्तर टक्के तांबं आणि पंचवीस टक्के निकेल. मग तेही लाल झालं असेल, तर तो रंग मातीनंच चढवला ना? ओल, खत, वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहणं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

काकांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "नातवाला तूच सांग." व्हिडिओ कॉलवर त्या मुलाला म्हटलं, जवळच्या सराफाकडे जाऊन वजन करून आण. दुसऱ्या दिवशी त्यानं आकडा सांगितला, ५.६२. मग विचारलं, "म्हणजे हे नाणं खोटं आहे?" मी म्हटलं, "नाणं खरं आहे बाळा. मी जे सांगितलं होतं ते चुकीचं होतं." काकांनी साठ डॉलर परत घेतले, माझ्यासमोर मोजून घेतले. वर म्हणाले, "नाण्यानं माती खाल्ली आणि तूही खाल्लीस!"

तर मंडळी, आता मुद्द्यावर येऊ. नाण्याच्या जन्माचे तीन टप्पे असतात. आधी कोरी चकती तयार होते. दुसरीकडे ठसा, म्हणजे डाय, तयार होतो. मग दोन ठशांमध्ये चकती दाबली जाते. टांकसाळीची कुठलीही चूक या तीनपैकी एका टप्प्यावरच होऊ शकते. त्यानंतर जे होतं, ते सगळं नुकसान. म्हणून 'हे किती विचित्र दिसतंय!' असं म्हणण्याआधी स्वतःला विचारा, 'हे कुठल्या टप्प्यावर घडलं असेल?' उत्तर सापडलं नाही, तर बहुतेक वेळा ते नुकसानच असतं.

काही उदाहरणं देतो.

नाण्याचा एक तुकडा कमी आहे. चकती पत्र्यातून कापताना पंच आधीच्या भोकावर थोडा चढला, तर चंद्रकोरीसारखी खाच पडते. ही खरी चूक. पण मैदानात गवत कापायच्या यंत्राचं पातंही नाण्याचा लचका तोडतं. मग फरक कसा ओळखायचा? खाचेच्या बरोबर समोरची कड बघा. चकतीला कड उठवताना ती दोन्ही बाजूंनी दाबत फिरवतात. एका बाजूला खाच असेल तर समोरच्या बाजूला पुरेसा दाब मिळत नाही, आणि तिथली कड पुसट राहते. बहुतेक खऱ्या खाचांमध्ये हे दिसतं. पात्यानं तोडलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठणठणीत असते.

दुसरं, चरा किंवा खड्डा. खिळ्यानं ओरखडा पडला की धातू बाजूला सरकतो आणि चरेच्या काठाला बारीक बांध उभा राहतो. भिंगाखाली तो दिसतो, नखालाही लागतो. याउलट, छापताना मध्ये धागा किंवा तारेचा तुकडा आला, तर खूण दाबलेली असते, पण काठाला बांध नसतो.

तिसरं, फोड. १९८२ मध्ये अमेरिकेनं एक सेंटचं नाणं बदललं. आतून जस्त, वरून तांब्याचा पातळ मुलामा. वजन ३.११ वरून २.५ ग्रॅमवर आलं. मुलाम्याला कुठे बारीक छिद्र पडलं की ओल आत जाते, जस्त कुजतं आणि फुगतं. त्या फुगवट्यामुळे अक्षरं दुहेरी वाटतात, लिंकनच्या गालावर गाठ दिसते. जमिनीतून निघालेल्या सेंटवर फोड दिसले, तर आधी कुजलेलं जस्तच समजा.

आणि माझं ते लाल क्वार्टर. वजनाबरोबर त्याची कडही बघायला हवी होती. साध्या पाण्यानं माती निघाली की कडेवर पांढरी, लाल, पांढरी अशी पट्टी दिसते. दोन्हीकडे पांढरं असेल तर थर जागेवर आहेत, वरचा लाल रंग म्हणजे डाग. एकीकडेच पांढरं असेल आणि वजन ४.७ च्या आसपास भरलं, तर मात्र मला जरूर कळवा!

एक विनंती. हे सगळं तपासायच्या आधी नाणं घासू नका, ॲसिडमध्ये टाकू नका, खड्यांबरोबर यंत्रात फिरवू नका. नुकसान झालेलं नाणं घासून चूक ठरत नाही, पण खरी चूक घासून नक्की वाया जाते.

आणि महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. माझं ऐकून किल्ल्यावर मशीन घेऊन जाऊ नका. नाण्यांच्या चुका शोधायची हौस असेल तर पाकिटातल्या सुट्ट्या पैशांपासून सुरुवात करा. भिंग आणि काटा तोच लागतो.

त्या मुलानं नाणं परत पाठवलं नाही. एका पाकिटात ठेवलंय, त्यावर चिठ्ठी आहे: 'मातीमुळे लाल. वजन ५.६२.' परवा त्यानं मला आणखी एका नाण्याचा फोटो पाठवला. सोबत वजन, कडेचा फोटो आणि खाली एक ओळ: 'मला वाटतं नुकसान आहे. तुम्हाला?'

मलाही तसंच वाटलं. भेटू पुढच्या भागात.