मळलेल्या वाटेची बाजू

मे महिना तोंडावर आहे. या सभागृहातल्या बऱ्याच जणांची हिमालयाची आरक्षणं झालेली असणार आणि त्यातले काही रोहतांग ओलांडून लाहौलमध्ये उतरणार. ओलांडून म्हटलं खरं, पण ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचं उद्घाटन झालं आणि आता खिंड न चढताच पलीकडे जाता येतं. तिथे भागा आणि चंद्रभागेच्या काठांवर, विशेषतः दक्षिणेकडे तोंड केलेल्या कोरड्या, दगडाळ उतारांवर जुनिपरची विरळ रानं आहेत. लाहौली लोक या झाडाला शुर म्हणतात, लडाखकडे त्याच्या नातलगाला शुक्पा म्हणतात. त्याच्या डहाळ्यांचा धूप घरोघरी आणि गोम्पांमधून जळतो. या रानांतल्या वाटा ट्रेकच्या माहितीपत्रकांत साधारणपणे ‘मध्यम’ श्रेणीत मोडतात: दोर लागत नाही, बर्फ तुडवावं लागत नाही, फक्त दम लागतो. माझं आजचं म्हणणं या मध्यम वाटांपुरतं आहे. आपल्या भटक्यांमध्ये अनवट वाटेला मोठी प्रतिष्ठा आहे. रुळलेल्या वाटेनं गेला तो पर्यटक, वाट सोडून घुसला तो खरा भटका. जुनिपरच्या रानात हा मान उलटा द्यायला हवा. जावं जरूर, पण मळलेल्या वाटेनं. आणि तीही एकच असावी.

आधी वयाबद्दल, कारण लोक या रानांत जातात ते बहुधा वयाच्या आकड्याला भुलून. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या संशोधकांनी लाहौलमधल्या जुनिपरच्या वाढवलयांवरून १५८४ वर्षांची कालमालिका बांधली आणि २००६ मध्ये ती प्रसिद्ध केली. ती इसवी सन ४२० पासून सुरू होते. म्हणजे अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी कोरायला अजून काही दशकं अवकाश होता, तिथपासून. हे काम झाड न तोडता होतं. खोडात पोकळ गिरमीट फिरवून पेन्सिलीएवढी बारीक कांडी बाहेर काढतात, ती घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलयं मोजतात. पण मोजणी सरळ नसते. कडक दुष्काळाच्या वर्षी जुनिपर खोडाच्या काही भागात वलय धरतच नाही. अनेक म्हाताऱ्या झाडांची साल एका बाजूला पट्टीसारखी जिवंत असते आणि उरलेलं खोड वाळकं, पीळ पडलेलं लाकूड असतं. म्हणून एका झाडाची कांडी दुसऱ्या झाडांच्या कांड्यांशी ताडून हरवलेली वर्षं शोधावी लागतात. कालमालिका अशी अनेक नमुन्यांची मिळून उभी राहते. तिची लांबी म्हणजे कुठल्या एका झाडाचं वय नव्हे. हा फरक सुटला की आकडे फुगतात. अमेरिकेत यूटा राज्यातल्या लोगन दरीत ‘जार्डिन जुनिपर’ नावाचं झाड १९२३ मध्ये नजरेत आलं. तेव्हा त्याचं वय ३००० वर्षांच्या घरात धरलं गेलं. पुढे गाभ्याचा नमुना घेतल्यावर ते सुमारे १५०० वर आलं. तिथवर जाणारी वाटही मध्यमच आहे, जाऊन-येऊन १५ किलोमीटरच्या आसपास, आणि लोक ती चालतात ते त्या एका झाडासाठी. बलुचिस्तानातल्या झियारतच्या विस्तीर्ण जुनिपर-रानाबद्दल तर ५००० वर्षांचे दावे सहज केले जातात. निम्मं वयही थक्क करायला पुरेसं असताना हा हव्यास कशाला, ते कळत नाही.

या आकड्यांचा खरा तोटा असा, की आपली सगळी काळजी म्हाताऱ्या खोडाभोवती गोळा होते. वास्तविक ते खोड रानातला सगळ्यांत चिवट रहिवासी आहे. हजार हिवाळे ज्यानं काढले, त्याला तुमच्या बुटांचं भय कमी. कच्चा दुवा दुसराच आहे. लाहौलच्या जुनिपरमध्ये नर आणि मादी झाडं बहुतेक वेगवेगळी असतात. मादीवर निळसर-काळी, वर राखट थर चढलेली, बोराएवढीही नसणारी फळं धरतात. त्यांतलं पुष्कळसं बी पोकळ निघतं, जे भरीव असतं तेही रुजायला वेळ घेतं. पक्षी फळं खातात आणि बसल्या फांदीखाली बी टाकतात. उघड्या उतारावर पडलेलं बी उन्हानं आणि वाऱ्यानं सुकून जातं. तग धरतं ते मोठ्या झाडाच्या, झुडपाच्या किंवा दगडाच्या आडोशाला, जिथे बर्फाचं पाणी जरा जास्त दिवस मुरलेलं राहतं. आता वाकून त्या आडोशाकडे पाहा. रोप चार बोटांचं, सुईसारख्या टोकदार पानांचं. मोठ्या झाडाची पानं खवल्यांसारखी असतात, त्यामुळे हे त्याच झाडाचं पोर आहे हे नवख्याला ओळखू येत नाही. गवताचा झुबका समजून माणूस त्यावर सॅक ठेवतो. चढण चढून आलेला माणूस दुसरीकडे बसणार तरी कुठे? त्या उतारावर सावली तेवढीच असते. रोपाला जी जागा हवी, नेमकी तीच चालणाऱ्याला हवी, आणि सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. कठीण वाटेवर येणारे मोजके असतात. मध्यम वाटेवर चाळीस जणांचा गट येतो आणि अर्ध्या तासाची विश्रांती घेतो.

मग एकाच वाटेचा आग्रह का? माणसं पांगली तर भार विभागला जाईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण पायाखालच्या जमिनीचं गणित तसं चालत नाही. अमेरिकी वनसेवेतल्या डेव्हिड कोल यांच्यासह अनेक अभ्यासकांनी तुडवणीचे प्रयोग केले. त्यांतून वारंवार दिसलं ते असं, की वनस्पतींची बरीचशी हानी पहिल्या थोड्या पावलांतच होऊन जाते. पुढच्या प्रत्येक पावलानं होणारी भर कमी-कमी होत जाते. मळलेल्या वाटेवर हजारावा माणूस जवळजवळ काहीच बिघडवत नाही. कोऱ्या उतारावरचा पंधरावा मात्र पुष्कळ बिघडवतो. सह्याद्रीत आपल्याला हे जाणवत नाही, कारण दर पावसाळ्यात गवत येऊन आपल्या पाऊलखुणा बऱ्यापैकी झाकतं. (तिथेही नागमोडी वळणं तोडून सरळ उतरणाऱ्यांनी गडांच्या वाटांचे ओहोळ केले आहेत, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) लाहौल पर्जन्यछायेत आहे, वाढीचा हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा. तिथे घसरलेली माती पुन्हा बसायला आपला जन्म पुरत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्तच आहे. जुनिपर संपवला तो चालणाऱ्यांनी की सरपणासाठी आणि घराच्या तुळयांसाठी चालवलेल्या कुऱ्हाडीनं? शेळ्यामेंढ्यांनी की रस्त्याच्या कामानं? उत्तर उघड आहे: कुऱ्हाड, चराई आणि रस्ता यांचा वाटा कितीतरी मोठा. पण लाहौली माणसाला सहा महिन्यांच्या हिवाळ्यात चूल पेटवायची होती, ती गरज होती. उन्हाळ्यात कळप घेऊन येणाऱ्या गद्दी मेंढपाळांचंही पोट त्यावर आहे. आपण हौसेनं जातो. ज्याची गरज नाही त्यानं गरजवंताकडे बोट दाखवून स्वतःची सूट मागावी, हे मला पटत नाही. शिवाय आधीच खंगलेल्या रानात लहानसा घावही लहान राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. झाड हजार वर्षं जगतं, तर त्याच्या जागी हजार वर्षांत एक रोप जगलं तरी पुरे. मग दहा-वीस वर्षं रोपं तुडवली गेली तर काय बिघडलं? हिशेब म्हणून हे खरं आहे, आणि म्हणूनच अशा रानात नुसती कमी रोपं दिसल्यानं घाबरायचं कारण नसतं. पण यात एक गृहीत दडलेलं आहे, की संधी कधीही मिळते. तशी ती मिळत नाही. चांगलं बी धरणं, भरपूर बर्फ पडणं आणि पाठोपाठचे दोन-तीन उन्हाळे ओलसर जाणं हे सगळं एकत्र क्वचितच जमून येतं. त्या मोसमातली रोपं पुढे कित्येक वर्षं गुडघ्यालाही लागत नाहीत, तेवढा काळ ती वाचायला हवीत. तो मोसम कुठला, हे चालणाऱ्याला त्या दिवशी कळण्याचा मार्ग नाही. तो होऊन गेलेला असेल किंवा नेमका यंदाचाच असेल.

आणि तिसरं टोक: मग जाऊच नये, रान बंद करून टाकावं. हे बोलायला सोपं आहे. बंद रानाला कुंपण लागतं, राखणदार लागतो, आणि कोणी पाहत नसलेल्या उतारावरून रस्त्याची आखणी गेली तर हरकत घ्यायला कोणी उरत नाही. गावातल्या माणसाला वाटाड्या म्हणून चार पैसे मिळत असतील, तर उभ्या झाडात त्याचाही जीव अडकतो. म्हणून बंदीपेक्षा शिस्त बरी, आणि ती फारशी अवघड नाही. वाट गावानं दाखवलेली घ्यावी. सर्वांत जुनं झाड कुठलं, याची पाटी लावू नये. लावली की त्याभोवती गोल तुडवलेलं मैदान झालंच म्हणून समजा. आपल्या गटांचं नेतृत्व करणाऱ्यांनी थांबायच्या जागा निघण्याआधीच ठरवाव्यात, आणि त्या वाटेवरच्या उघड्या कातळावर असाव्यात. तिथे ऊन लागेल हे कबूल. त्यासाठी रुंद काठाची टोपी सामानाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहावी.