कान्हेरीच्या अंधारात कोणती लेन्स?

बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत, तीन नंबरच्या चैत्यगृहात शिरलं की उजेड एकदम कमी होतो. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. कॅमेऱ्यासोबत मिळालेली लेन्स झूम केल्यावर बहुधा एफ ५.६ वर अडते, एफ २.८ ची लेन्स तिथे चौपट प्रकाश घेते.

अशा लेन्सपैकी एपीएस-सी मिररलेससाठी सिग्माची १८-५० मिमी जेमतेम २९० ग्रॅमची, पण हात हलला तर सावरून घेणारी सोय तिच्यात नाही. टॅमरॉनच्या १७-७० मध्ये ती आहे, पावसाच्या शिंतोड्यांपासून बचावही आहे. वजन मात्र ५२५ ग्रॅम. घाटकोपर स्टेशनच्या गर्दीत हा फरक खांद्याला कळतोच! कॅमेऱ्यातच स्थिरीकरण असेल तर माझं मत सिग्माला, नसेल तर टॅमरॉनला. घेण्याआधी माउंट जुळतो ना, तेवढं पाहा.