परत फिरण्याची विद्या

समुद्राच्या तळाचा अभ्यास माणसाने दीर्घकाळ नावेत बसूनच केला. जाळे खाली सोडावे, वर ओढावे आणि त्यात जे गवसेल त्यावरून खालच्या सृष्टीचे अनुमान बांधावे, अशी ती रीत होती. आकाशातून दोर सोडून एखाद्या गावातील चार कौले उचलावीत आणि त्यांवरून ग्रामजीवनाचे वर्णन करावे, तशातलाच हा प्रकार होय. १८४४ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एदवार सिसिलीच्या किनाऱ्यावर शिरस्त्राण घालून पाण्यात उतरले, ते ही उणीव भरून काढण्यासाठीच.

पुढे याच कामाला कॅलिफोर्नियातील ला होया येथील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत विद्येचे रूप आले. महायुद्धामुळे जपानहून येणारे आगर-आगर बंद पडले, तेव्हा ते ज्या शैवालापासून निघते त्याचा शोध अमेरिकेच्या किनाऱ्यावर सुरू झाला. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत आलेले चिनी शैवालतज्ज्ञ सी. के. त्सेंग हे या कामी १९४४ साली नळीवाटे हवा पुरविणारा पोशाख चढवून स्वतः तळाशी गेले.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये कूस्तो व गान्यां यांनी पाठीवर वाहून नेता येईल असे श्वसनयंत्र तयार केले. नळीचे बंधन सुटले. पण नळी धरून वर बसलेला सोबतीही त्याबरोबर गेला. म्हणून कॉनरॅड लिंबॉ या तरुण संशोधकाने १९५१ साली स्क्रिप्समध्ये पाणबुड्यांसाठी रीतसर शिक्षणक्रम सुरू केला.

या शिक्षणात पोहण्याहूनही पदार्थविज्ञानाला अधिक मान आहे. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरांवर छातीभर घेतलेला श्वास कोंडून जो वर येईल, त्याच्या फुप्फुसातील हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटते. सोड्याच्या बाटलीचे बूच उडताच बुडबुडे फसफसावेत, त्याप्रमाणे घाईने वर येणाऱ्याच्या रक्तात मुरलेला नत्रवायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. तीस मीटरांच्या आसपास तोच वायू मद्यासारखा चढू लागतो, आणि झिंगलेल्या माणसाला आपली बुद्धी तल्लख असल्याचाच भास होतो.

अशा स्थितीत विद्यार्थ्याने काम करावयाचे असते. पाण्यात वस्तू असते त्याहून मोठी व जवळ दिसते. लाल रंग थोड्याच खोलीवर लोपतो. ठरावीक मापाची चौकट तळावर ठेवून तिच्यातील जीव मोजावयाचे, जलाभेद्य पाटीवर पेन्सिलीने टिपावयाचे, हवा किती उरली ते पाहावयाचे आणि सोबत्याला नजरेआड होऊ द्यावयाचे नाही. हातातील मोजणी अर्धी राहिली असता हवा संपत येते, तेव्हा विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते. आणखी दोन मिनिटांचा मोह ज्याला आवरत नाही, तो या विद्येला पात्र नव्हे.

निसर्ग याबाबतीत गुरूचीही गय करीत नाही. २० मार्च १९६० रोजी दक्षिण फ्रान्समधील कासी गावाजवळ, पाण्याने भरलेल्या एका भुयारी नदीत खुद्द लिंबॉ वाट चुकले आणि मृत्यू पावले. लहान मासे व कोळंब्या मोठ्या माशांच्या अंगावरील परोपजीवी वेचून त्यांना स्वच्छ करतात, याविषयीचा त्यांचा प्रसिद्ध लेख १९६१ साली, त्यांच्या मागे, छापला गेला.

आज अमेरिकन विद्यापीठांत वैज्ञानिक पाणबुड्याला सामान्यतः शंभर तासांचे शिक्षण व किमान बारा बुड्या पुऱ्या कराव्या लागतात. पण त्या नियमावलीतील सर्वांत मोलाचे कलम निराळेच आहे. मन वा शरीर अनुकूल नसेल तर पाण्यात उतरण्यास नकार देणे हे पाणबुड्याचे कर्तव्य मानले असून, त्याबद्दल त्याला कोणताही दंड होऊ शकत नाही. प्राध्यापकाच्या शब्दाखातर जीव धोक्यात घालणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला तर हे कलम ढालच आहे.

त्सेंग १९४६ साली मायदेशी परतले. थंड पाण्यात वाढणारे केल्प शैवाल चीनच्या दक्षिणेकडील उबदार किनाऱ्यावरही पिकावे, यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे परिश्रम केले, आणि समुद्र हे शेत झाले. तळ गाठणे धाडसी माणसाला साधते. जे पाहिले ते नोंदवून सुखरूप वर येणे, आणि शिकलेले आपल्या किनाऱ्यावर रुजविणे, यालाच विद्या म्हणावयाचे.