अम्माचा फेर

श्रावणातल्या शुद्ध पंचमीला आमच्या गल्लीत नांगर, विळी आणि तवा यांना सुट्टी असे. चिरायचे नाही, तळायचे नाही, जमीन उकरायची नाही. घरोघरी पुरणाची दिंडं उकडत. दुपार कलली की बायका दूध-लाह्या घेऊन वारुळाकडे निघत. (साप दूध पीत नाही, हे खरेच; पण त्या दिवशी ते ऐकायला कुणाला सवड नसे.)

शेजारच्या काकू हाक मारीत, "भाबी, चला की!" अम्मा निघे. पूजेच्या वेळी ती बाजूला बाभळीखाली उभी राही. तिचा धर्म तिला ठाऊक होता, शेजारणींनाही. फेर सुरू झाला की मात्र तिला कुणी बाजूला राहू देत नसे. वाद्य नाही, ताल टाळीचा आणि पावलांचा. एकीने ओळ सोडायची, बाकीच्यांनी झेलायची. मग झिम्मा, फुगडी. गाण्यात माहेराहून न्यायला येणारा भाऊ आला की अम्माचा आवाज चढे. तिला सख्खा भाऊ नव्हता.

नागपंचमीची एक कहाणी आहे. माहेरचे कुणीच नसलेल्या धाकट्या सुनेला नाग माणसाच्या रूपात मामा होऊन न्यायला येतो. त्याच्या घरी तिच्या हातून दिवा पडतो आणि नागाच्या पिलांची शेपटं भाजतात. मोठी झाल्यावर पिलं सूड घ्यायला येतात. पाहतात तर ती भिंतीवर नाग काढून, दूध-लाह्या ठेवून प्रार्थना करते आहे, माझे भाऊ लांडोबा, पुंडोबा जिथे असतील तिथे खुशाल असोत. पिलं न डसता परत जातात. अम्मा ही कहाणी रात्री सांगे. दिव्यापाशी हमखास थांबे.

बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांबद्दल आपण पुष्कळ वाद घातले. नागाला 1972 च्या कायद्याने संरक्षण दिले, ते योग्यच झाले. पण बायकांच्या गाण्याला जिवंत नाग कधी लागलाच नव्हता. भिंतीवरचा गंधाचा पुरे. त्या गाण्यांवर मात्र कुणी वाद घातला नाही, आणि ती हळूहळू थांबली.

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी हे बोललो. एक गृहस्थ उठून म्हणाले, "तुमचा या सणाशी काय संबंध?" मला पटकन उत्तर सुचले नाही.

अम्मा तेव्हा होती. घरी येऊन तिला हे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने त्या फेरातली एक ओळ म्हणून पाहिली. पुढची तिला आठवेना. "काकूंना इचारून ये," म्हणाली. काकू जाऊन चार वर्षे झाली होती.

पुढची ओळ मी अजून शोधतो आहे.