जुन्या रायफलीची झीज



जुनी वस्तू म्हणजे झिजलेली वस्तू, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. रायफलीच्या बाबतीत ती बव्हंशी फसवी ठरते. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात तयार झालेली एखादी ली-एन्फिल्ड, म्हणजे आपली 'थ्री-नॉट-थ्री', शस्त्रागारात तेल लावून पडून राहिली असेल, तर ती आजही धडधाकट निघू शकते. तिच्यापेक्षा तीस वर्षांनी धाकटी, पण रोज कवायतीला निघणारी रायफल मात्र केव्हाच निकामी झालेली असते.

हा प्रश्न केवळ संग्राहकांच्या हौसेचा नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रांपुढे उभ्या राहिलेल्या काही पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. इतकी वर्षे जे शस्त्र गालाला लावून झाडले गेले, ते झाडण्याजोगे आहे की नाही, हे ठरविण्याची जबाबदारी आर्मोररवर असे.

त्याची पहिली परीक्षा बोल्टची. काडतुसाच्या बुडाला असलेली कड चेंबरच्या तोंडाशी टेकते आणि मागून बोल्टचे डोके तिला आधार देते. या दोहोंमधील जागा किमान ०.०६४ इंच हवी आणि ०.०७४ इंचांहून अधिक नको. फरक अवघा पाव मिलिमीटरचा! पण ही जागा वाढली की पितळी काडतूस बारानंतर मागे ताणले जाते, बुडाजवळ चिरते आणि तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पोलादी मापकच लागतो. मोठ्या मापकावर बोल्ट पूर्ण बंद झाला, तर डोके बदलावयाचे. पुढच्या 'नंबर ४' रायफलीच्या डोक्यांवर ० ते ३ असे आकडे असत. ईशापुरी नमुन्यात ती सोय नसल्याने हाताशी असलेली डोकी एकेक बसवून पाहावी लागत.

नळीची गोष्ट निराळी. कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने चेंबरपुढचा भाग खरवडला जातो, हे खरे. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार आत राहिले तर गंज चढतो, म्हणून उकळते पाणी ओतून नळी धूत असत. परंतु साफसफाईची दोरी तिरपी ओढली, तर ती नळीच्या तोंडाची एकच बाजू घासते. तोंड किंचित लंबगोल झाले की गोळी भरकटते. अनेक रायफली शत्रूने नव्हे, शिस्तीने निकामी केल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा रायफलींवर 'डी. पी.' ही अक्षरे ठोकली जात. त्यांचा अर्थ, केवळ कवायतीसाठी. एन.सी.सी.च्या मैदानावर खांद्यावर थ्री-नॉट-थ्री घेतलेल्या विद्यार्थ्याने कधी बोल्टजवळ निरखून पाहिले असेल, तर त्याला ती सापडली असतील.