देवमाशांच्या गावातलं चर्च

जुनी वास्तू समोर आली की बहुतेक लोक तिचं वय विचारतात आणि पुढे जातात. पण वास्तूचा खरा आनंद घ्यायचा, तर आधी तिची ठेवण पाहावी, मग नक्षी आणि मग ती घडवणारे हात. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटाच्या पूर्व टोकाला सॅग हार्बर नावाचं छोटं बंदर आहे. तिथलं प्रेस्बिटेरियन चर्च या तिन्हींसाठी नामी उदाहरण आहे.

हे चर्च 1844 मध्ये पूर्ण झालं. देवमाशाच्या तेलावर तेव्हा घरोघरचे दिवे जळत. त्या दशकात या बंदराची साठाहून अधिक जहाजं देवमाशांच्या शिकारीला जात आणि गावात पैसा खेळत होता. आराखडा मायनार्ड लफीव्हर या वास्तुकाराचा मानला जातो.

आता ठेवण पाहू. दर्शनी भागात तीन भक्कम बुरूज आहेत, मधला उंच. त्यांच्या भिंती सरळ उभ्या नाहीत. वर जाताना त्या आत कलतात. ही प्राचीन इजिप्तच्या मंदिरद्वारांची पद्धत. पाया रुंद आणि माथा अरुंद असला, की वास्तू जमिनीत घट्ट रुतल्यासारखी वाटते. नेपोलियनच्या 1798 च्या इजिप्त मोहिमेनंतर या शैलीचं वेड युरोप-अमेरिकेत पसरलं होतं. अमेरिकेत तिचा वापर मुख्यतः दफनभूमीची प्रवेशद्वारं आणि तुरुंग यांसाठी होई. चर्चसाठी ती निवडणं धाडसाचंच होतं.

आणखी एक गंमत म्हणजे इजिप्तचे दगडी बुरूज इथे लाकडाचे आहेत.

नजर आता बुरुजांच्या माथ्याकडे न्या. तिथे कडेने एकसारख्या आकारांची रांग दिसते. एकेक आकार नीट पाहिला, की लांब दांड्याचं, रुंद, सपाट पातं ओळखू येतं. देवमाशाची चरबी कापायचं हे हत्यार. कमळ किंवा पपायरसऐवजी गावकऱ्यांच्या रोजच्या कष्टाचं अवजार नक्षीत आलं आणि परक्या देशाची शैली या गावची झाली.

पूर्वी मधल्या बुरुजावर 185 फुटांचा लाकडी मनोरा होता. टप्प्याटप्प्याने निमुळता होत जाणारा, खलाशाच्या उघडलेल्या दुर्बिणीसारखा. जहाजं बांधणाऱ्या सुतारांच्या गावात लाकूड इतक्या उंचीवर चढवणारे कसबी हात होतेच. परतणाऱ्या खलाशांना तो समुद्रातून दुरूनच दिसे.

कॅलिफोर्नियाच्या सोन्याने खलाशी पळवले, 1859 नंतर पेन्सिल्व्हेनियाच्या खनिज तेलाने बाजार नेला. शिकारीचा धंदा बसला, चर्च मात्र टिकलं. 21 सप्टेंबर 1938 च्या चक्रीवादळात मनोरा कोसळला; तो पुन्हा उभारला गेलेला नाही. 1994 मध्ये या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

श्रोत्यांनी या चर्चची दोन छायाचित्रं मिळवून शेजारी ठेवावीत: एक 1938 च्या आधीचं, एक आजचं. जुन्यात नजर थेट मनोऱ्याच्या टोकाकडे धावते, बुरूज नुसते त्याचा पाया वाटतात. आजच्यात ती त्या कललेल्या भिंतींवर आणि पात्यांच्या रांगेवर ठरते. एकाच वास्तूचा तोल एका भागाच्या जाण्याने किती बदलतो, हे इथे डोळ्यांनी मोजता येतं.